वच्छलाबाईंच्या हातची मडकी

वच्छलाबाई काहीही हातात आलं की आधी त्याला टिचकी मारून बघत. टरबूज आणि नारळ यांचं मी समजू शकतो, पण त्या स्टीलच्या डब्याला मारत, आमच्या नव्या दाराला मारत, एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनाला आल्या तेव्हा वर्गातल्या फळ्यालाही त्यांनी टिचकी मारली होती. मी हेल्मेट विकत आणलं त्या दिवशी कुंपणावरून हात घालून त्यांनी ते घेतलं, दोनदा वाजवलं, कान लावला आणि म्हणाल्या, "बद्द वाजून राहिलं गुरुजी. डोकं आत घातल्यावर तरी बरं वाजन का?" माझ्या बायकोला हा विनोद पुढे दहा वर्षं पुरला.

एकोडीला आमची घरं लागून. मध्ये तुऱ्हाट्यांचं, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचं कुंपण, आणि तेही दर उन्हाळ्यात अर्धं त्यांच्या भट्टीत जायचं. मी साकोलीच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवायचो, आता निवृत्त आहे. पलीकडचं घर कुंभाराचं. त्यात वच्छलाबाई, त्यांचे यजमान गणपतराव, गणपतरावांचा धाकटा भाऊ आणि त्याची बायको मंदा. मंदा अंगणवाडीत मदतनीस होती. लग्न होऊन कुंभाराच्या घरात आली असली तरी मातीला हात लावायची तिला किळस यायची, आणि वच्छलाबाईंनी तिला कधी त्याबद्दल टोकलं नाही. "ते पोट्टे सांभारते, मी मडके सांभारतो. मडके बरे, रडत तरी नाहीत," असं त्या म्हणत.

नागपूरच्या एका प्रदर्शनात पुढे त्यांच्या नावाखाली 'सिरॅमिक आर्टिस्ट' असं छापलं गेलं. त्यांनी मला विचारलं, सिरॅमिक म्हणजे काय. मी म्हटलं, भाजलेली माती. "मंग तसं लिहाले काय झालं होतं?" एवढंच त्या म्हणाल्या आणि ते कार्ड घरी आणून तांदळाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलं.

त्यांचं बोलणं ऐकायला शहरातून माणसं येत, आणि पहिला प्रश्न ठरलेला असे: बाई असून तुम्ही चाकावर बसलात, विरोध झाला का? वच्छलाबाई आयुष्यात कधी चाकावर बसल्या नव्हत्या. कुंभाराच्या घरात बाई चाकाला हात लावत नाही, ही रीत त्यांनी शेवटपर्यंत पाळली आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. त्या पाहुण्यांना अंगणात बसवून समजावून सांगत. पुरुष चाकावर जे काढतो ते जाड्या बुडाचं, छोटंसं, ओबडधोबड भांडं असतं. ते जरा सुकलं की बाई मांडीवर घेते. डाव्या हाताने आतून गोल दगड धरते आणि उजव्या हाताने बाहेरून लाकडी थापीने मारत जाते. थापता थापता भिंत पातळ होते, पोट सुटतं, बूड गोल होतं. सकाळचा तांब्याएवढा ऐवज संध्याकाळी घागर होतो. "चाकावर तं नुसतं तोंड होते जी," त्या सांगत, "पोट बाईच करते. जगात सगळीकडे तसंच आहे." गणपतराव बाजूला बसून हे ऐकत आणि मान हलवत. ते इतके कमी बोलत की त्यांच्या मान हलवण्याला घरात भाषण समजत.

वच्छलाबाईंचं माहेर आंबागडचं, किल्ल्याच्या पायथ्याशी. तिथे शेतं नांगरली की जुनी खापरं वर येतात. लहानपणी त्या ती गोळा करत आणि तुपाच्या एका जुन्या डब्यात भरून ठेवत. सासरी येताना दोनच वस्तू हट्टाने आणल्या, तो डबा आणि आईची थापी. थापीच्या तोंडावर आडव्या-उभ्या रेघा कोरलेल्या होत्या, माशाच्या खवल्यांसारख्या, आणि डब्यातल्या काही खापरांवर अगदी तशाच रेघा उठलेल्या होत्या. किती पिढ्यांच्या बाया तेच करत आल्या, हे त्या डब्यावरून कळे. मी म्हणायचो, हे कुणाला तरी दाखवायला हवं. त्या म्हणत, "कोनाले? ज्यायचं आहे थ्या तं मरून गेल्या."

शेवटी एक संशोधक आले. सभ्य मनुष्य, चष्मा पुसून पुसून खापरं बघत होते. त्यांनी विचारलं, "बाई, हे किती जुनं असेल असं तुम्हाला वाटतं?" वच्छलाबाईंनी खापर हातात घेतलं, फिरवलं आणि म्हणाल्या, "वय तुम्ही सांगा, तुम्ही शिकलेले आहा. मी येवढंच सांगतो का बाई घाईत होती." संशोधकांनी पेन काढलं. "हे पाहा न, इथं थाप एकाच जागी दोनदा बसली. मंग पुढं जागा सुटली. पोट्टं रडत असन, नाही तं चुलीवर काही करपत असन." मग खापराच्या आतल्या बाजूला एक खळगा होता त्यात त्यांनी आपलं बोट ठेवलं आणि जरा वेळ तसंच राहू दिलं. "माह्याहून बारीक बोट आहे. पन दाबते माह्या मायवानीच." संशोधकांनी सगळं लिहून घेतलं, डब्याचे फोटो काढले, आणि ते एक खापर अभ्यासाला नेऊ का म्हणाले. वच्छलाबाईंनी चहा पुढे केला. खापर त्यांनी तोवर कनवटीला लावलं होतं.

छातीतली गाठ त्यांची त्यांनीच शोधली. मळलेल्या मातीत खडा राहिला की बोटाला कळतं, तसं आंघोळ करताना कळलं, असं त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं. माझी बायको, सुशीला, त्यांच्याबरोबर नागपूरला गेली. उजव्या बाजूचं ऑपरेशन झालं, पुढे औषधं झाली, केस गेले. पावसाळा तोंडावर असताना त्या परत आल्या तेव्हा डोक्यावरून पदर घट्ट होता आणि उजवा हात पोटाशी धरलेला. तो छातीच्या वर जाईना.

हॉस्पिटलात फिजिओथेरपीच्या मुलीने त्यांना चित्रांचा एक कागद दिला होता. भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी वर वर चढवायची. वच्छलाबाईंनी दोन दिवस ते केलं. तिसऱ्या दिवशी कागद घडी करून ठेवला. "भितीवर चढून काय भेटते? भित थोडीच मोठी होते," म्हणाल्या आणि थापी मागितली. गणपतराव घाबरले. त्या दिवशी मी त्यांना सलग तीन वाक्यं बोलताना ऐकलं. पण बाईंनी ऐकलं नाही, तेव्हा त्यांनी चाकावर वाटीएवढं काहीतरी काढून दिलं.

ती वाटी थापायला वच्छलाबाईंना आठवडा लागला. कुंपणापलीकडून आवाज येई, थप, थप, मग बराच वेळ शांतता, मग एक शिवी, मग पुन्हा थप. शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. मी तेव्हा पहिल्या घटक चाचणीचे पेपर तपासत होतो आणि खरं सांगायचं तर काही पेपरांना त्या फार चपखल बसत. वाटी झाल्यावर त्यांनी गणपतरावांकडून त्याहून बोटभर मोठं मागितलं. मग त्याहून मोठं. हात जेवढा उचलला जाई तेवढंच भांडं, आणि हात जरा वर गेला की भांडं तेवढं उंच. प्रत्येक भांड्याची एक बाजू जड आणि चपटी राही, कारण उजवा हात तिथपर्यंत वळतच नसे. दुसरी बाजू मात्र फुगीर, गोल. तरी एकही भांडं कलत नसे. सगळी सरळ उभी राहत आणि पाणी धरत. माझ्या बायकोला त्या एकदा म्हणाल्या, "ऑपरेशन झाल्यावर हा हात मले दुसऱ्याचा वाटे वं सुशीला. कोनाचा तरी आनून लावला असा. आता ओरखीचा होऊन राहिला."

ओसरीच्या फळीवर वाटीपासून गुडघ्याएवढ्या रांजणापर्यंत ती ओळ लागली तेव्हा थंडी सुरू झाली होती. फिजिओथेरपीची ती मुलगी एका रविवारी मुद्दाम बघायला आली. तिनेच पुढे आपल्या ओळखीच्या कला महाविद्यालयातल्या मॅडमना आणलं, आणि त्यातून नागपूरचं प्रदर्शन झालं. पण त्याआधी आमच्या गावात जे झालं ते सांगायला हवं.

आमच्याकडे लग्नाची मडकी कुंभाराच्या घरून वाजत गाजत आणतात. लग्नघरच्या बाया बाजा घेऊन कुंभाराच्या अंगणात जातात, कुंभारणीची ओटी भरतात आणि ती चुन्याने रंगवलेली दोन मडकी, एकावर एक, आपल्या हाताने उचलून न्यायला आलेल्या बाईच्या डोक्यावर ठेवते. आमच्या घराण्यात ती मडकी आणण्याचा मान आत्याचा. दुकानातून मडकं आणलेलं चालत नाही, कुंभारणीच्या हातून यावं लागतं, आणि ती सवाष्ण असावी, धडधाकट असावी अशी समजूत. वच्छलाबाई लग्न होऊन आल्यापासून गावातल्या आणि आजूबाजूच्या सगळ्या नवरानवऱ्यांची मडकी त्यांच्याच हातून गेलेली.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या लग्नसराईत एका घरचा बाजा आला. वच्छलाबाई मडकी घेऊन ओसरीवर उभ्या होत्या. आलेल्या बायांमधली एक जण हळूच म्हणाली, "मंदाबाई नाही का घरी?" बस, एवढंच. मंदा आतून आली, तिला काही समजेना. वच्छलाबाईंनी मडकी तिच्या हातात दिली आणि आत गेल्या. पुढच्या घरानेही मंदालाच बोलवायला सांगितलं, आणि मग ती पद्धतच पडली. मडकी थापायची वच्छलाबाईंनी, चुन्याचे ठिपके काढायचे वच्छलाबाईंनी, बाजा ऐकू आला की आत जायचं वच्छलाबाईंनी, आणि द्यायची मंदाने. मंदा कुंपणाशी येऊन सुशीलेला म्हणायची, "मले शरम वाट्टे जी वहिनी. ओटी घेऊन मी कुठं ठेवू, असं होते." ती मिळालेला खण-नारळ नेऊन वच्छलाबाईंच्या पुढ्यात ठेवी आणि त्या नारळ वाजवून बघत आणि चटणीला घेत.

गंमत म्हणजे मर्तिकाचं मडकं न्यायला कुणी मंदाला बोलवत नसे. ते वच्छलाबाईंच्या हातून बिनधास्त चाले. "मरनाऱ्याले माही भीती नाही न," त्या हसून म्हणत. मला ते हसू ऐकवत नसे, पण मी काही बोलत नसे. गावात कुणीच काही बोलत नसे. याला कुणी वाईट वागणं म्हणालं असतं तर सगळ्यांनी कानावर हात ठेवले असते, कारण वच्छलाबाईंच्या घरी चहा सगळेच पीत.

प्रदर्शनाला मी आणि सुशीला त्यांच्यासोबत गेलो. फळीवरची ओळ तिथे पांढऱ्या चौथऱ्यांवर मांडली होती आणि खाली दिव्यांचा उजेड. एक गृहस्थ फार प्रभावित झाले. शरीर, जखम, समतोल असं बरंच बोलले. ते बोलणं खोटं नव्हतं, पण वच्छलाबाई मोठ्या रांजणाला टिचकी मारून बघण्यात गुंतल्या होत्या. गृहस्थांना मधली तीन भांडी विकत हवी होती. वच्छलाबाई म्हणाल्या, "नाही जी."

"सगळी नाही, फक्त तीनच."

"थेच तं. मधचा हात कसा इकू? मंग वाटीवरून रांजनावर मी गेलो कशी?"

ते हसले. वच्छलाबाई हसल्या नाहीत. दुसरी बरीच भांडी गेली, पण ती ओळ भाताच्या तणशीत गुंडाळून जशी होती तशी टेम्पोने घरी परत आली.

येताना बसमध्ये वच्छलाबाई खिडकीशी, सुशीला मध्ये आणि मी कडेला होतो. हातात शाल, पुष्पगुच्छ. मी उत्साहात होतो. म्हटलं, आता मुंबईला, पुण्याला प्रदर्शन होईल, पुरस्कार मिळेल. त्या खिडकीबाहेर बघत सुशीलेला म्हणाल्या, "मले थे काही नको वं. एकदा लग्नाची मडकी माह्या हातानं द्यायची आहेत. एकदा. बाजा येवावा आन कोनी 'मंदा कुठं आहे' म्हनू नये." सुशीलेने त्यांचा हात धरला. मीही ते ऐकलं. बसच्या आवाजात ऐकू आलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

त्यानंतर चार महिन्यांनी आमच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं.

माझी मोठी बहीण, कमलताई, कारध्याला दिलेली. लग्नात आत्या म्हणून मडकी आणण्याचा मान तिचा. ती आदल्या दिवशी आली आणि आल्या आल्या स्वयंपाकघरात म्हणाली, "मडकी मंदाच्या हातानंच घ्यायची हं. घरातलं पहिलं लग्न आहे. वच्छला चांगली आहे, मी कुठं नाही म्हन्ते, पन कायले उगाच?" सुशीलेने माझ्याकडे पाहिलं. ती काहीतरी बोलायच्या तयारीत होती, फक्त मी आधी बोलावं एवढंच तिला हवं होतं. मी म्हणालो, "मांडववाला आला का बघतो," आणि बाहेर पडलो. आयुष्यभर मुलांना फळ्यासमोर उभं करून 'बोल, येतं तर बोल' म्हणत आलो, आणि मला स्वतःला एक वाक्य आलं नाही. त्याची लाज अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी बाजा शेजारच्या घरी गेला, वीस पावलं. मंदाने मडकी दिली. मी तेव्हा मागे पाण्याच्या टाकीपाशी उगाच तोटी उघडझाप करत होतो. संध्याकाळी वच्छलाबाई लग्नाला आल्या, जेवल्या, वरणात मीठ कमी आहे म्हणाल्या, आणि पोरीला स्वतः थापलेली सहा भांडी दिली. त्यांच्या बोलण्यात काही फरक नव्हता. फरक असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढचं असं आहे की ते कुणी गोष्टीत लिहिलं असतं तर मीच म्हटलं असतं, लेखकाने जुळवून आणलं. दोन वर्षांनी कमलताईला तोच आजार निघाला. तीच बाजू, तेच ऑपरेशन. तिची सून नोकरी करणारी, म्हणून औषधं संपल्यावर ताई आमच्याकडे राहायला आली. उजवा हात पोटाशी धरून ती दिवसभर पडवीत बसून राही आणि भिंतीकडे बघे. तिलाही तो चित्रांचा कागद मिळाला होता.

आठव्या दिवशी कुंपणापलीकडून हाक आली, "कमल, व कमल! येवढं बसून कंटारा नाही येत का वं?" वच्छलाबाई कुंपण ओलांडून आल्या, म्हणजे जिथे कुंपण भट्टीत गेलं होतं तिथून आल्या, आणि ताईला उठवून घेऊन गेल्या. तिच्या मांडीवर वाटीएवढं भांडं ठेवलं आणि आपल्या आईची थापी तिच्या हातात दिली. ती थापी त्यांनी मंदाला, गणपतरावांना, कुणालाच दिलेली मी पाहिली नव्हती.

ताई शेतकऱ्याच्या घरातली बाई, मातीची तिला सवय, पण थापी जमेना. भांडं फाटे, तिरकं होई. वच्छलाबाई शिकवताना अजिबात गोड बोलत नसत. "भाकर नाही थे, मारून राहिली का कुरवारून राहिली? मार!" ताई रडकुंडीला येई आणि मारे. मग एक दिवस पलीकडून थप, थप, शांतता आणि मग शिवी असा क्रम ऐकू आला. शिवी कमलताईच्या आवाजातली होती. सुशीला आणि मी एकमेकांकडे बघून हसलो. आमच्या ताईने जन्मात शिवी दिली नव्हती.

पाच महिने ताई रोज तिथे जात होती. त्या दोघींमध्ये लग्नाच्या मडक्यांचा विषय कधी निघाला का, हे मी ताईला एकदा विचारलं. ती म्हणाली, "मीच काढला. म्हटलं, वच्छला, मी तुह्याशी वंगाळ वागलो. तं म्हन्ते, हात हलव, तोंड नंतर हलवजो." एवढं सांगून ताई रडली. मला तेव्हा वाटलं, ताईने निदान तोंड तरी हलवलं. मी आठ घरांच्या अंतरावर नव्हतो, कुंपणापलीकडे होतो, आणि मी अजूनही काही बोललो नव्हतो.

ताईचं बघून साकोलीच्या, लाखनीच्या आणखी दोघी-तिघी बाया येऊ लागल्या. अंगणात थापण्याचा एक घोळका बसे. वच्छलाबाई कुणालाच सहानुभूती दाखवत नसत. कुणी दुखतं म्हणालं की "दुखनच" म्हणत, आणि कुणाचं भांडं बोटभर वाढलं की मात्र उठून सगळ्यांना चहा करत. प्रत्येकीच्या भांड्यांची ओळ वेगळी ठेवत. एकीची ओळ मध्येच थांबली. ती लाखनीची बाई परत आली नाही. वच्छलाबाईंनी तिची तीन भांडी फळीवरून काढली नाहीत आणि पुढे रिकामी जागाही तशीच सोडली.

वच्छलाबाई जाऊन आता वर्ष झालं. आजार परत आला होता, फुप्फुसात. गणपतराव त्यांना नागपूरला नेऊन आणत होते आणि आम्हाला सांगत होते की मातीच्या कामासाठी जातो. पावसाळा संपता संपता त्या गेल्या. त्यांच्या मर्तिकाचं मडकं गणपतरावांनी चाकावर काढलं आणि मंदाने थापलं. मंदाने केव्हा शिकून घेतलं होतं कोण जाणे.

पण मला त्या आठवतात त्या त्याच्या चार महिने आधीच्या, आमच्या धाकटीच्या लग्नातल्या. तेव्हा आजार परतल्याचं त्यांना स्वतःला माहीत होतं, मंदाला आणि गणपतरावांना माहीत होतं, आम्हाला नव्हतं. उजवा हात पुन्हा सुजायला लागला होता, तो त्या पदराखाली ठेवत.

ताई आदल्या दिवशी आली आणि आल्या आल्या स्वयंपाकघरात म्हणाली, "मडकी वच्छलाच्या हातानं. कोनाले चालत नसन त्यानं मांडवात येऊ नये." मीही या खेपेला तेच बोलणार होतो, असं मी स्वतःला अजून सांगत असतो. एक मात्र केलं, टाकीपाशी गेलो नाही. बाजाबरोबर सगळ्यात पुढे चाललो, अंगणात जाऊन उभा राहिलो.

मंदा ओसरीवर मडकी घेऊन तयार होती, सवयीने. ताई म्हणाली, "वच्छलाले बोलाव." मंदाने मडकी खाली ठेवली आणि आत पळाली. वच्छलाबाई बाहेर आल्या तेव्हा हात पदराला पुसत होत्या. त्यांनी ताईकडे पाहिलं, बाजाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हणालो, "वच्छलाबाई, मडकी तुमच्या हातानं हवी आहेत." फार मोठं वाक्य नव्हतं. त्या म्हणाल्या, "मंग बाजा कायले थांबवला जी? वाजू द्या न."

सुशीलेने त्यांची ओटी भरली. ताई डोक्यावर चुंबळ ठेवून समोर उभी राहिली. वच्छलाबाईंनी एकावर एक बांधलेली ती दोन मडकी दोन्ही हातांनी उचलली. खांद्यापर्यंत आली आणि तिथे उजवा हात थांबला. डावा वर, उजवा तिथेच, मडकी कलली. लग्नाचं मडकं फुटणं म्हणजे काय ते तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. कुणीतरी म्हणालं, "कमलताई, खाली बसून घ्या." मंदा पुढे झाली.

"मंदा, तू थांब," वच्छलाबाई म्हणाल्या. "आन कमल, तू बसू नको. उभ्यानं घे."

ताईने हात वर केले. तिचाही उजवा हात पूर्ण जात नव्हता. पण दोघी समोरासमोर होत्या, त्यामुळे एकीच्या अधू हाताशेजारी दुसरीचा धड हात आला. मडक्याच्या दोन्ही बाजूंना एक एक. मी पस्तीस वर्षं गणित शिकवलं, पण हे मला ते दिसेपर्यंत सुचलं नव्हतं. मडकी सरळ झाली, हळूहळू वर गेली आणि चुंबळीवर बसली. अंगणातल्या बाया एकदम बोलायला लागल्या आणि बाजा दुप्पट जोराने सुरू झाला.

मिरवणूक वळली. मी सगळ्यात शेवटी निघालो, कुंपणापाशी येऊन मागे बघितलं. वच्छलाबाई अंगणाच्या मधोमध तशाच उभ्या होत्या, दोन्ही हात वर केलेले, पदर घसरलेला, सुजलेला उजवा हात डाव्याच्या बरोबरीने. मंदाने त्यांच्या कोपराला हात लावला.

"झालं न बाई, घ्या आता खाली."

"थांब वं," वच्छलाबाई म्हणाल्या. "दिसून राहिली अजून मडकी."